खणाचा सांधा

काल दुपारी मिस्त्रींचा मुलगा त्यांना हाताला धरून माझ्या कारखान्यात घेऊन आला. याच मिस्त्रींच्या हाताखाली मी चार वर्षं सुतारकाम शिकले. बाईमाणसाला हाताखाली घ्यायला गावात कोणी तयार नव्हतं, तेव्हा त्यांनी मला पटाशी दिली आणि धार कशी लावायची ते दाखवलं. सांधा जरा हलला तरी सगळं सोडवायला लावत.

आता त्यांना माणसं ओळखू येत नाहीत. माझ्याकडेही त्यांनी परक्यासारखं पाहिलं. पण टेबलावर कपाटाचा नवा खण दिसताच ते थांबले आणि त्याच्या सांध्यावरून सावकाश नख फिरवू लागले. नख कुठेच अडकलं नाही. घरच्यांची नावंसुद्धा पुसली गेली, तरी बोटांना लाकूड आठवतं. याचा आनंद मानावा की रडावं, मला कळेना.

"काम स्वच्छ आहे," ते म्हणाले. "कोणाकडे शिकलात, बाई?"

मुलानं मान खाली घातली.

"होते एक मिस्त्री," मी कसंबसं म्हटलं.

"भेटले तर त्यांना माझा नमस्कार सांगा."