बनिहालचं दोन सूत बर्फ

चिंचवड स्टेशनवर मला पोचवायला आमचे शंकर मिस्त्री आले होते. भोसरीतल्या माझ्या कारखान्यात विजेच्या तारा खांबावर धरून ठेवणारे क्लॅम्प बनतात. पहिला क्लॅम्प आम्ही दोघांनीच पत्र्याच्या शेडमध्ये ओतला होता. गाडी हलली तेव्हा मिस्त्री खिडकीबरोबर चालत म्हणाले, "मालक, तिकडं भांडू नका. थंडीनं दात वाजत्यात, शिव्या नीट येत न्हाईत."

पण मी निघालो होतो भांडायलाच. काश्मीरच्या वाटेवर बनिहालजवळ पावसाचं तारांवरच बर्फ झालं आणि जड झालेल्या तारा आमच्या क्लॅम्पमधून निसटल्या. चार सूत (अर्धा इंच) जाडीचं बर्फ पेलायची हमी आम्ही दिली होती. तिथल्या हवामान चौकीच्या वहीत त्या दिवशी तीनच सूत लिहिलेलं होतं. म्हणजे दोष आमचा. सगळा माल परत येणार, आणि पुढे कोणी आम्हाला दारात उभं करणार नाही. मला खात्री होती, कोणीतरी शेकोटीपाशी बसून तो आकडा ठोकून दिला असणार.

जम्मूहून बस. घाटात दोनदा दरड आडवी आली. भोसरीच्या माघातल्या गारठ्याला मी आजवर थंडी म्हणत होतो! बनिहालला उतरताना पहिलंच पाऊल घसरलं आणि मी ट्रंकेसकट रस्त्यावर बसलो. फेरन (पायघोळ लोकरी झगा) घातलेल्या एका पन्नाशीच्या गृहस्थाने मला उठवलं. तो आकडा लिहिणारे चौकीचे निरीक्षक रसूलभाई ते हेच. ज्याच्याशी भांडायचं त्याच्याच खांद्याचा आधार घेत मी चौकी गाठली.

त्यांनी नून चाय (मीठ घातलेला गुलाबी चहा) दिला. पहिला घोट औषधासारखा गिळला. तिसरा पेला मागून घेतला. मग मोडक्या हिंदीत तोंड उघडलं.

"तुमचं तीन सूत चूक आहे. सहा असणार."

"सहा?"

"फार तर साडेपाच म्हणा."

"भाजी घेताय का, शेठ?"

मी भडकलो. ते निवांत खिडकीशी गेले. दरीत चुलींचा धूर वर न चढता छपरांच्या उंचीवर आडवा पसरला होता. त्यांनी डोंगरावरच्या चौकीला फोन लावला आणि म्हणाले, "वर बर्फ वितळतंय, इथे गोठतंय. पहाटे पाऊस येईल."

"वर ऊब, खाली गारठा? आमच्या लोणावळ्याला उलटं असतं."

"इथेही एरवी उलटंच. पण गार हवा दरीत अडकली की वरून पाणी पडतं आणि तारेला लागताच गोठतं. पाऊस दुपारपर्यंत, वारा नाही. तारेवर दोन सूत बर्फ धरेल. मोजा तुम्हीच. माझा अंदाज चुकला, तर वहीही चुकली असं लिहून देतो."

असा सौदा मला उभ्या जन्मात कोणी दिला नव्हता. चिंचवडच्या मोरयाला साकडं घालून झोपलो.

सकाळी पाऊस लागला होता. अक्रोडाची फांदीन् फांदी काचेत घातल्यासारखी दिसत होती. छपराला शिशरगांठ (बर्फाचे लोंबते सुळके) धरली होती. चौकीमागे नमुन्याची तार आमच्याच क्लॅम्पवर ताणलेली होती. दुपारी पाऊस थांबला तसा मी भोसरीहून आणलेला जाडी मोजायचा व्हर्नियर काढला. बोट लोखंडाला चिकटलं, साल निघाली. तीन ठिकाणी मोजलं. दोन सूत.

"थोडं जास्तच आहे," मी म्हणालो.

"बर्फाशी बोलून घ्या, शेठ. त्याने सोडलं तर मीही सोडतो."

तेवढ्यात ऊन आलं. क्लॅम्पच्या एका बाजूचं बर्फ एकदम झडलं. हलकी झालेली तार उसळली, जड बाजूने तिला ओढलं, आणि आमच्या क्लॅम्पच्या तोंडातून ती सरसर सरकत गेली.

मी क्लॅम्पखाली बसून त्याचं तोंड पाहू लागलो. भोसरीत आम्ही क्लॅम्पला वाळूची पोती टांगून पारख करायचो, वर दोन माणसं बसवायचो. ओझं नेहमी सरळ खाली. एका बाजूचं ओझं अचानक नाहीसं होईल, हे ज्याने बर्फ पाहिलंच नाही त्याच्या डोक्यात कुठून येणार? रसूलभाईंनी फेरनमधली कांगडी (निखाऱ्यांची शेगडी) काढून माझ्या मांडीवर ठेवली. हात उबदार झाल्यावर मी त्यांच्या वहीत दोन सुताच्या नोंदीखाली सही केली. आणि वीज कचेरीला लिहिलं: दोष आमचा, सगळे क्लॅम्प बदलून देतो, एक हिवाळा द्या.

चिंचवडला उतरलो. मिस्त्रींनी विचारलं, "जितलं का, मालक?"

"साचा मोडा."

दिवसभर ते जुन्या साच्यापाशी घुटमळत राहिले. दुसऱ्या दिवशी खोल तोंडाच्या क्लॅम्पचा खडूचा नकाशा फरशीवर काढून माझी वाट पाहत बसले होते.

पुढच्या हिवाळ्यात बनिहालहून पत्र आलं. 'यंदा पाच सूत बर्फ धरलं. तुमच्या तारा जागेवर आहेत. माझा अंदाज चार सुताचा होता. चुकलो.'

मी ते पत्र मिस्त्रींना दोनदा वाचून दाखवलं. त्यांना पाच सुताचा आनंद झाला. मला त्या शेवटच्या शब्दाचा.