ठिपकेवाल्या बाई

ठिपकेवाल्या बाईंनी दोन वर्षांत माझ्या चिनूला एकदाही ‘लक्ष दे’ म्हटलं नाही. शाळेत, घरात, एसटीत जो तो तिला तेच सांगायचा. मी तर सगळ्यांत जास्त. वाचताना नजर भटकली की बाई म्हणायच्या, “डोळे गेले? जांवदेत. परत हाड.” परत आण, एवढंच.

चिनूला एडीएचडी आहे हे आठवीत कळलं. तोवर ती नुसती उंडगी आणि मी वळण न लावणारी आई. ‘दहावीला बाहेरून बसवा,’ असं शाळेतून सुचवूनही झालं होतं. दर गुरुवारी तोंडवलीला पर्यटकांची जेवणं उरकायची, हाताचा माशांचा वास घालवायचा आणि तिला घेऊन मालवणची गाडी गाठायची. खरं सांगते, वीट आला होता.

बाईंच्या मालवणातल्या केंद्रात संगणकाच्या पडद्याखाली नजर टिपणारा पट्टीसारखा कॅमेरा होता. आधी फिरत्या ठिपक्याकडे बघायचं, मग धडा वाचायचा. नजर पडेल तिथे लाल ठिपके उमटत, ते बाई नंतर दाखवत. मी विचारलं, यानं बरी होईल? शुद्ध बोलता बोलता बाई मालवणीवर आल्या. “वैनी, ह्यां यंत्र बरा करूचा नाय. नजर खंय जाता तां दाखयता.”

नजर कुठे जाते, ते एका गुरुवारी दाखवलंच. चिनूचे ठिपके दर दोन ओळींनी डावीकडे सरकत पडद्याबाहेर जायचे. डावीकडे माझी खुर्ची. बाईंनी ती उजवीकडे घ्यायला लावली. ठिपके उजवीकडे! मी तिथे भुवया ताणून बसलेली.

“माझ्याकडे बघते ती?”

“तुमी रागावल्यात काय, तां बघता,” बाई हळूच म्हणाल्या.

एसटीत मी रडले. चिनूनं पाण्याची बाटली पुढे केली. तेव्हापासून ती अभ्यासाला बसली की मी परसात.

दहावी सुरू झाली, शाळेतूनच, आणि केंद्र बंद पडलं. यंत्र घेऊन बाई दुसऱ्या जिल्ह्यात निघाल्या. जाण्याआधी घरी आल्या, सोलकढी प्यायल्या आणि कपाळावरची टिकली काढून चिनूच्या टेबलासमोर भिंतीला चिकटवली. “डोळे गेले की पयलो ह्यो ठिपको. मगे पुस्तक.” मला मेलं हसूच आलं. यंत्र गेलं आणि टिकली उरली!

चिनू पास होईल का, देव जाणे. मी थकलेय. परवा मात्र तिनंच हाक मारली, “आये, हय बस गो.”

मी खुर्ची ओढली. ती वाचत होती. पाच मिनिटं झाली, माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. माझे डोळे कुठे ठेवावेत, मलाच कळेना. मग त्या टिकलीकडे बघत बसले.