अठरा किलोंचं गिऱ्हाईक

चौकातल्या मेडिकलच्या काउंटरमागे ती बावीस वर्षं उभी होती, आणि तेवढ्या वर्षांत तिने विकल्या त्याहून जास्त गोळ्या नाकारल्या असाव्यात. म्हणून गल्लीत तिचं नावच पडलं होतं नाहीताई. चिठ्ठी नसेल तर नाही, चिठ्ठी जुनी असेल तर नाही, आणि शेजारणीला लागू पडली म्हणून हवी असेल तर मुळीच नाही. मालक कपाळाला हात लावत. पण माणसं तिच्याच भरवशावर येतात, हे त्यांनाही ठाऊक होतं.

एका दुपारी समोरचे शिंपीकाका आले. गळ्यात टेप, चेहऱ्यावर उसना सहजपणा.

“ताई, गुडघेदुखीवर एखादी जालीम गोळी द्या. माझ्यासाठीच.”

तो ‘च’ ताईला खटकला.

“कोणता गुडघा?”

“डावा,” असं म्हणत काका उजवा चोळू लागले.

“वजन?”

“अठरा किलो.”

काकांनी जीभ चावली, पण शब्द निसटला तो निसटलाच. ताईने चष्म्यावरून पाहिलं. काका वाळकुडे खरे, पण इतके नव्हते. खाली पायरीशी त्यांची म्हातारी कुत्री, बटण, मागचा पाय उचलून उभी होती.

“काका, माणसाची गोळी हिला दिलीत तर पाय राहील बाजूला, पोटात जखमा होतील, किडन्या बसतील. साधी तापाची गोळीही हिच्या जिवावर बेतू शकते.”

“अर्धीच देणार होतो हो.”

“अर्ध्या विहिरीत माणूस बुडत नाही का?”

काकांनी बटणकडे पाहिलं. मग पुटपुटले, “काल आमच्या हिने स्वतःच्या कंबरदुखीची अर्धी दिलीय तिला. बिस्किटात घालून.”

ताईचा चेहरा उतरला. “त्या गोळीचं पाकीट आणा, आत्ताच्या आत्ता,” म्हणत ती भर दुपारी काउंटर सोडून निघाली. मालक बघतच राहिले.

जनावरांच्या दवाखान्याचं दार दिसताच बटणने फतकल मारली. काकांनी तिला उचलून काट्यावर ठेवलं.

“अठरा कसले? साडेएकवीस!” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“मापं घेणारा माणूस मी,” काका ओशाळले.

बाईंनी पाकीट वाचलं, हिरड्या पाहिल्या, पोट चाचपलं, रक्त काढलं. उलटी नव्हती, शी काळी नव्हती. नशीब. सांध्यांची झीज होती.

“आज फक्त पोट सांभाळायचं औषध. कुत्र्यांची दुखण्याची गोळी आहे, पण कालचीचा अंमल पुरता उतरू दे, रक्ताचा रिपोर्ट येऊ दे. एका म्यानात दोन तलवारी नकोत. मग वजनाच्या मापाने, खाणं झाल्यावर. आणि वजन उतरवायचंय, बिस्किटं बंद.”

शेवटचं वाक्य बटणला कळलं असावं. तिने तोंड फिरवलं.

रिपोर्ट चांगला आला आणि आठवड्याभराने गोळी सुरू झाली. काकूंनी आपल्या गोळ्या कपाटात कुलपात ठेवल्या. काकांनी कोटांच्या उरल्यासुरल्या कापडांची जाड गादी शिवली. गिऱ्हाइकांचे कपडे तेवढे लांबणीवर पडले.

महिन्याभराने बटण एकटीच रस्ता ओलांडून आली, तीनही पायऱ्या चढली आणि मेडिकलच्या दारात गार फरशीवर आडवी झाली. येणाजाणाऱ्यांना तिला ओलांडून जावं लागू लागलं.

“हाकला तिला,” मालक वैतागले.

“पडू द्या हो,” ताई म्हणाली. “बघा तरी, कशी बारीक झालीय.”