उजव्या हातावरचं घड्याळ

येडगावहून घोडेगाव म्हणजे काही काशी-रामेश्वर नव्हे. पण अठ्ठ्याण्णव साली हा प्रवास मी वडिलांचं बंद पडलेलं चावीचं घड्याळ खिशात घेऊन केला, म्हणून लिहायला बसलो. आमचे वडील, नाना, उभा जन्म एसटीवर ड्रायव्हर. निवृत्तीनंतर अंगणात घसरून पडले आणि खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, आता उठून बसायला हवं. नाना उठेनात. त्यात घड्याळ थांबलं. रोज सकाळी चावी द्यायचं एकच काम उरलं होतं, तेही सुटलं आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मी रजा काढून पुण्याहून आलो होतो. हे अंथरूण आता सुटत नाही, अशी भीती मला वाटू लागली होती.

सकाळी वडाप (शेअर जीप) मिळालं. जागा मिळाली ती टोमॅटोच्या क्रेटवर. नारायणगावला उतरलो तेव्हा पँटला मागून लाल ठसा उमटला होता. तशाच अवतारात घड्याळाच्या दुकानात शिरलो. दुकानदारानं पाठीचं झाकण उघडलं आणि यात सेलचं मशीन टाकून देतो, दहा मिनिटांचं काम, असं सांगितलं. मी हो म्हणणारच होतो. पण तेवढ्यात आत नजर गेली. डाळीच्या दाण्याएवढी चाकं, त्यांच्या टोकांशी बारीक लाल खडे, केसाहून पातळ स्प्रिंग. जन्मभर नानांच्या हातावर पाहिलेल्या घड्याळाचं पोट मी पहिल्यांदाच पाहत होतो. हे काढून फेकायला जीव होईना. दुकानदार भला माणूस. त्यानंच घोडेगावच्या साबळेकाकांचं नाव सांगितलं.

मंचरला एसटी बदलली. पुढे रस्ता पश्चिमेला वळला, कांद्याची रानं मागे पडली आणि भीमाशंकरकडचे डोंगर जवळ आले. घोडेगावात उतरून आधी मासवडी (नाव माशाचं, वडी बेसनाची) आणि भाकरी खाल्ली. रश्श्यानं डोळ्यांतून पाणी काढलं.

तहसील कचेरीसमोर साबळेकाकांचं टेबल होतं. सत्तरीचा सडपातळ माणूस, डोळ्याला भिंग. घड्याळाला काय झालंय हे त्यांनी विचारलंच नाही. कोणत्या हातावर बांधतात, काम काय करतात, हेच विचारत बसले. सोयरीक जमवायची आहे का, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी सांगितलं, नाना उजव्या हातावर, आकडे आतल्या बाजूला करून बांधतात. स्टिअरिंगवरचा हात न वळवता वेळ दिसावी म्हणून.

मग त्यांनीच उलगडा केला. आडवं ठेवलेलं घड्याळ हलकं चालतं, पुढे जातं; उभं धरलेलं जरा जड, मागे पडतं. म्हणून वापरणाऱ्याचा हात जसा राहतो, त्या हिशेबानं ते घड्याळाची चाल (वेग) लावायचे. त्यांनी एकेक भाग सुटा करून पेट्रोलमध्ये धुतला, धूळ बसू नये म्हणून वर काचेचा पेला पालथा घातला आणि पुन्हा जोडताना सुईच्या टोकानं तेल दिलं. आत बारीक चक्र हेलकावे घेऊ लागलं, तेव्हा मला उगाचच हसू आलं.

"आता कुठं आसतं हे?" काकांनी विचारलं.

"उशाशी. आडवंच."

"आन् हातावर?"

"काका, उशाशी ठेवायच्या हिशेबानंच लावा. नाना आता काही..."

काकांनी चिमटा खाली ठेवला. "पावणं, मी हातावरचंच लावनार. उशाशी ठिवलं तर रोज दोन मिन्टं फुडं जाईल, जाऊ द्या. त्यांना म्हनावं, बरुबर टाइम पायजे आसंल तर बांधून बसा."

संध्याकाळी घरी येऊन तो निरोप नानांना जसाच्या तसा दिला. रोज सकाळी मी चावी द्यायचो आणि रेडिओच्या बातम्यांबरोबर, मुद्दाम त्यांच्यासमोर, काटा दोन मिनिटं मागे घ्यायचो. आयुष्यभर गाडी वेळेवर सोडलेला माणूस. चार दिवस त्यांनी ते सोसलं.

पाचव्या दिवशी म्हणाले, "रोज काय त्याचे कान पिळतो? आण इकडं."

कोपरावर जोर देऊन, कण्हत, ते उठून बसले. मी त्यांच्या उजव्या मनगटावर घड्याळ बांधलं. त्यांनी पट्टा स्वतः फिरवून आकडे आत घेतले. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. त्या दिवशी ते दुपारपर्यंत बसून होते. दिवाळीला काठी टेकत पार गावच्या धरणापर्यंत जाऊन आले.

नाना जाऊनही आता काही वर्षं झाली. त्यांची आठवण फार येते. घड्याळ माझ्याकडे आहे. डाव्या हातावर बांधून पाहिलं तर वेळ चुकते, टेबलावर ठेवलं तर पुढे जातं. काकांनी लावलेली चाल मी कुणाला बदलू दिलेली नाही. मला सायकलखेरीज काही चालवता येत नाही, तरी मी ते उजव्या हातावर, आकडे आत करून बांधतो. तिथं ते अगदी बरोबर चालतं.