गोलपोस्टमागची हुर्यो

कोल्हापूरहून पहाटे सुटलेल्या एसटीच्या पाटीवर अहिल्यानगर लिहिलं होतं, कंडक्टर मात्र शेवटपर्यंत नगरच म्हणत होता. शिरूरला घोडनदी ओलांडली आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारीची रानं लागली. कणसं भरली होती, जानेवारीचं ऊन मऊ होतं. माळीवाड्याच्या स्थानकावर माझे साडू सुरेशराव स्कूटर घेऊन उभे होते. ते नागापूरच्या एमआयडीसीत फिटर आहेत. कोल्हापूरच्या माणसाला फुटबॉल दाखवायचा, म्हणून त्यांनी मला मुद्दाम बोलावलं होतं. रविवारी नागापूरच्या कामगारांचा संघ सावेडीच्या संघाशी खेळणार होता.

रविवारी दुपारी शिपी आमटीचं (डाळींची पातळ, जाळ तिखट आमटी) जेवण झालं. भाकरी कुस्करून खाताना माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मेव्हणी वाढतच होती. मग आम्ही स्कूटरवरून सावेडीला निघालो. बंगले, फ्लॅट, शाळा ओलांडून एका शाळेच्या मैदानावर पोहोचलो, तर नागापूरची माणसं आधीच येऊन बसलेली. त्यांची जागा एका गोलपोस्टच्या मागे होती. सावेडीकर बाजूलाच झाडांच्या सावलीत खुर्च्या टाकून होते. मधे दोन पोलीस उभे होते. माझ्या गावातले सामने मी लहानपणापासून पाहतो. सामन्याआधीची अशी शांतता कसली असते ते मला कळतं.

संघ मैदानात उतरले आणि सावेडीचा गोलकीपर दिसताच आमच्या बाजूने हुर्यो सुरू झाली. पस्तिशीचा, उंच, किंचित वाकून चालणारा माणूस. त्याने नुसता चेंडू उचलला तरी शिट्ट्या आणि "हुर्रर्र". सगळ्यांत मोठा आवाज सुरेशरावांचा.

मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "डॅनियल. बारा वर्सं आमचा गोली हुता. आता त्यांच्याकडं गेला. गद्दार हाय."

मला तेवढं पुरलं. आमच्याकडे संघ पेठांचे असतात; एका पेठेचा खेळाडू दुसऱ्या पेठेकडून खेळला की काय होतं ते मी सांगायला नको. मीही दोन्ही हात तोंडाशी धरून आमच्या कोल्हापुरी पद्धतीने हुर्योचा लांबलचक हेल काढला. आजूबाजूची मंडळी हसली, कुणी तरी पाठीवर थाप मारली. मला बरं वाटलं, हे कबूल करायला हवं.

मध्यंतरापर्यंत एक-एक अशी बरोबरी होती. मध्यंतरानंतर बाजू बदलल्या आणि डॅनियल आमच्याच पुढ्यात आला, दहा पावलांवर. आता त्याच्या मानेवरचा घाम दिसत होता. हुर्यो वाढली. तो एकदाही वळला नाही. मी पुन्हा हेल काढला, तेव्हा माझ्या पुढे बसलेल्या बाईंनी मान खाली घातली. साठीच्या असाव्यात, अंगावर फिकट निळी साडी, मांडीवर पाण्याची बाटली. तिसऱ्या वेळी त्या मागे वळल्या.

"तुमी कुठले?"

"कोल्हापूरचा," मी म्हणालो.

"मग तुमचं काय केलं त्यानं?"

त्या रागावल्या नव्हत्या. खरोखर विचारत होत्या. मी तोंडाशी धरलेले हात खाली घेतले. सुरेशराव माझ्या कानाशी लागले आणि म्हणाले, ती त्याची आई. नागापुरातच राहते, बारा वर्षं याच जागी बसून सामने बघत आली, आजही जागा सोडली नाही.

शेवटच्या मिनिटांत नागापूरला पेनल्टी मिळाली. मारणारा डॅनियलच्याच हाताखाली शिकलेला. सावलीतल्या खुर्च्यांवरून आता वेगळीच कुजबुज ऐकू येऊ लागली. हा सोडणार बघा, जुन्या लोकांना देणार. म्हणजे गोल झाला तर सावेडीकर त्याला विकला गेला म्हणणार होते आणि अडवला तर आमची माणसं पुन्हा गद्दार. आईंनी बाटली घट्ट धरली. मी माझे हात मांड्यांखाली दाबून धरले होते.

डॅनियल उजवीकडे झेपावला. चेंडू त्याच्या मुठीला लागून बाहेर गेला.

 मग आमच्यातून एक दगड गेला आणि डॅनियल भुवई धरून खाली बसला. पोलीस धावले. त्यांच्याआधी आई उठल्या, चुन्याची रेघ ओलांडून गोलपोस्टजवळ गेल्या आणि बाटलीतलं पाणी त्याच्या कपाळावर ओतू लागल्या. कुणी शिट्टी मारली नाही. पंचांनी सामना तिथेच, बरोबरीत संपवला.

परत येताना सुरेशरावांनी स्कूटर हळू घेतली. मग आपणहून सांगू लागले. वर्कशॉपमधून माणसं कमी केली तेव्हा डॅनियलची नोकरी गेली. सावेडीच्या शाळेत त्याला खेळाच्या मास्तराची जागा मिळाली, आणि सावेडीचा संघ चालवते तीच शाळा. हे नागापुरात सगळ्यांना ठाऊक होतं.

सोमवारी सकाळी मला स्थानकावर सोडायला निघाल्यावर त्यांनी स्कूटर आईंच्या दारात थांबवली. डॅनियल रात्री तिथेच राहिला होता. भुवईवर पट्टी होती. चहा आला. सुरेशराव कपात बघत बसले. मी म्हणालो, काल मागे मीही ओरडत होतो, माझं चुकलं.

तो म्हणाला, "मला समजलं हुतं. बाकीचे आवाज वळखीचे हुते. हा सुरेश, तो पाटील, ते कँटीनवाले. त्यांचा राग हाय, त्यांचा हक बी हाय. तुमचा एकच आवाज मला वळखू येईना. सगळा हाफ त्याच्यावरच ध्यान जात हुतं."

आईंनी माझ्या बशीत आणखी दोन बिस्किटं ठेवली.

एसटीत खिडकीपाशी बसून मी तो हेल मनात ऐकत राहिलो. इतकी वर्षं मी तो काढतो, पण समोरच्याला तो कसा ऐकू जातो हे कधी विचारलं नव्हतं.

पुढच्या रविवारी कोल्हापुरात सामना होता. पेठ बदललेला एक पोरगा मैदानात आला आणि सगळी गॅलरी हुर्यो करत उठली. मी बसून राहिलो. शेजारचे गृहस्थ म्हणाले, काय राव, घसा बसला काय? मी हो म्हणालो. खरं कारण सांगायचं धाडस अजून झालेलं नाही.