डॉक्टरांच्या खुर्चीत बसलो तेव्हा

मंडळी, आज दुपारी आमच्या ग्रामीण रुग्णालयात खर्चाची पाहणी होती. मी रिटायर मास्तर, रुग्ण कल्याण समितीचा सदस्य. बाकीच्या सदस्यांनी घरूनच सह्या पाठवल्या, त्यामुळे पाहणीला मी एकटाच.

यादीतली प्रत्येक वस्तू जागेवर सापडली. कपाट, पंखा, प्लास्टिकही न काढलेलं सोनोग्राफी मशीन, डॉक्टरांची नवी खुर्ची. सगळ्यावर बरोबरची खूण केली. डॉक्टरांचं पद मात्र दिवाळीपासून रिकामं आहे. त्यासाठी यादीत रकानाच नाही.

खुर्ची डुगडुगते का बघायला मी तिच्यात बसलो. तेवढ्यात निमगाव सावाहून आलेली एक मावशी आत आली. केसपेपर पुढं ठेवला आणि बोलायलाच लागली. छातीत धडधडतं, झोप लागत नाही, लेक पुण्याला, घरात बोलायला कुणी नाही.

शेवटी मीच तिला थांबवलं. "मावशी, मी डॉक्टर नाही."

"ठावं हाय. मास्तर तुमी, माझ्या लेकाला शिकवलंय," ती म्हणाली. "पण तीन खेपा झाल्या. आज पयल्यांदा त्या खुर्चीत कुणी माणूस दिसला."

सिस्टरनी तिचं बीपी बघितलं, मोठ्या दवाखान्यात जायला सांगितलं. ती केसपेपर घेऊन एसटी स्टँडकडं निघाली. एकटीच.

आणि मी फॉर्मवर शेरा लिहिला, "सर्व साहित्य सुस्थितीत." खाली सही केली.

तुमीच सांगा राव, मावशीची धडधड कोणत्या रकान्यात लिहायची होती?