परवानगीचा कोरा रकाना

इस्फराच्या फळबाग संस्थेत संशोधकांचे लेख संगणकावर चढवायचं काम सनोबरआपांचं. लेख सगळ्यांना वाचायला खुले; पण प्रत्येकाला विषय लावायचा आणि ‘पुन्हा छापायला परवानगी’ हा रकाना भरायचा. आधीच्यांनी एकाच जर्दाळूला कुठे ‘फळझाड’, कुठे ‘शेती’, कुठे ‘माती’ लावून ठेवलेलं. आपांचा घोळ निराळाच. लेखक हयात असला की त्याला विचारून त्या ‘आहे’ लिहीत. वारला असला की रकाना कोरा. गेलेल्या माणसाच्या घरची सुईसुद्धा घरच्यांना विचारल्याशिवाय कुणाला देऊ नये, ही त्यांच्या आईची शिकवण.

गेल्या वसंतात एका रात्रीच्या थंडीनं गावंच्या गावांचा मोहर जळाला होता. यंदा मोहराआधी बागवानांच्या हाती पडावी म्हणून आपांची भाची फर्जोना राजधानीत, दुशान्बेत पुस्तिका काढत होती. तिचा सकाळीच फोन आला.

“मावशी, थंडीवरचा हकबेर्दी मुअल्लिमांचा लेख ‘माती’खाली सापडला! जर्दाळूला मातीत कुणी गाडलं?”

“मी नाही गाडलं. मिळाला ना? मग छाप.”

“कसा छापू? परवानगीचा रकाना कोरा! आज छापखान्यात द्यायचंय, आणि मोहर वाचवायचा उपाय नेमका त्याच लेखात.”

“दुपारपर्यंत दम धर,” म्हणत आपांनी दोन गरम नान रुमालात बांधले आणि दिवंगत मुअल्लिमांच्या, म्हणजे मास्तरांच्या बायकोचं, सओदतआजींचं घर गाठलं.

आजींनी चहा ओतला, सगळं ऐकलं आणि खुदकन हसल्या. “अगं, या भिंतीवरून लोक कलमं चोरून न्यायचे. हे सकाळी ओरडायचे. चोरली म्हणून नाही, वाकडी कापली म्हणून! अशा माणसाला तू कुलपात घातलंस?”

“न विचारता कसं देऊ, आजी? कयामतच्या दिवशी जाब द्यावा लागेल.”

“तेव्हा सांग, म्हातारीला विचारलं होतं. पण तिथे हे भेटले ना, तर म्हणतील, मोहर जळत होता तेव्हा माझा लेख कुठे लपवलास?”

आपांनी चहा खाली ठेवला. त्यांनी तिथूनच फोन लावला. “फर्जोना, छाप. मुअल्लिमांचं नाव ठळक घाल हो.”

संस्थेत परतून त्यांनी मनातल्या मनात मुअल्लिमांसाठी फातिहाची प्रार्थना म्हटली आणि ‘आहे’ लिहिलं. ‘माती’ खोडून ‘जर्दाळू, थंडी’ केलं. कोरे रकाने अजून पुष्कळ होते.

दुसऱ्या दिवशी पुढच्या लेखकाच्या घरी जायला आपा नान घेऊन बाहेर पडल्या, तर फाटकाशी सओदतआजी शाल गुंडाळून उभ्या.

“एकटी गेलीस तर नुसता चहा पिऊन परतशील. चल, मी बोलते.”